मुकुटवाला गणपती

फुकट म्हटलं की आमच्या घराण्याला हुरूप येतो. पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा दादानं डीजे, घोडा, केटरिंग सगळं एका दमात बोलून टाकलं आणि पत्रिकेपाशी आल्यावर त्याला एकदम गाडगेबाबा आठवले. बाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्याच अमरावती जिल्ह्यातलं. त्यामुळे कर्ज काढून लग्न करू नका, ही शिकवण इथं सगळ्यांना तोंडपाठ. ती नेमकी कुठं लागू करायची, एवढंच ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं.

"पत्रिका तू बनव मोबाईलवर," दादा म्हणाला. "फुकटात होते म्हनते आता. तुह्यं एमएस-सीआयटी झालं हाये ना?"

झालं आहे. आणि दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात ते एकदा झालं की माणसाची सुटका नाही.

ह्या फुकटच्या साइट उघडल्यावर माणूस आधी हरखूनच जातो. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बरणीचं लेबल, दुकानाचा बॅनर, काय हवं ते मागा; नमुने हजर. आपण फक्त नाव बदलायचं. मी लग्नपत्रिकेवर बोट ठेवलं. ५ बाय ७ इंचाचं पांढरंशुभ्र पान, एका कोपऱ्यात फिक्या हिरव्या पानांची डहाळी, मधोमध कुण्या ऑलिव्हियाचं आणि नोआचं नाव, खाली तारीख, त्याखाली समुद्रकिनाऱ्याचा पत्ता. संपली पत्रिका. ना आईबाप, ना मामा, ना मुक्काम पोस्ट. पोरं पळून जाऊन लग्न करतायत आणि वर छापूनही कळवतायत, असाच कोणाचाही समज व्हावा.

मी ऑलिव्हिया काढून पुतणी बसवली आणि दादाला दाखवलं. त्यानं मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला.

"इतली जागा खाली काऊन सोडली?"

"डिझाइन असतं ते दादा."

"डिझाइन नाई, भांडन हाये हे. ह्या जागेत कोनाकोनाचं नाव नाई, थे मले आत्ताच दिसून राह्यलं."

त्यानं वही काढली. आमच्याकडची पत्रिका म्हणजे निम्मा सातबारा. एकही हक्कदार सुटता कामा नये. निमंत्रक वेगळे, विनीत वेगळे, स्वागतोत्सुक वेगळे, व्यवस्थापक वेगळे, आणि तळाशी लहान पोरांची किलबिल, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'. मयत माणसं 'यांचे आशीर्वाद' ह्या सदरात. काही नावं विनीतमधून उचलून निमंत्रकात न्यावी लागली, कारण मागच्या लग्नात त्यांना विनीतमध्ये टाकलं होतं आणि ते मांडवात जेवले नव्हते. ५ बाय ७ इंचात हे सगळं बसवायचं तर अक्षर मुंगीएवढं करावं लागतं. तेवढं केलं, तर आत्याबाईंचा निरोप आला की माहं नाव इतलं बारीक काऊन?

पण खरा पेच पुढंच होता. पत्रिकेच्या माथ्यावर गणपती पाहिजे आणि त्याखाली '॥ गण गण गणात बोते ॥'. शेगाव इथून जवळ. गजानन महाराजांशिवाय आमच्याकडे अर्जसुद्धा सुरू होत नाही. शोधलं तर गणपती भरपूर निघाले. नाचणारे, बसलेले, नुसत्या रेघेचे. त्यातला देखणा एक उचलून ठेवला तर त्याच्या अंगावर आडव्या-तिडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या. दुसरा घेतला, त्याच्यावरही. मग कोपऱ्यातला बारीकसा मुकुट दिसला. ज्या चित्रापाशी मुकुट, त्या चित्राला पैसे. बिनमुकुटाचं तेवढं फुकट.

"गनपतीले मुकुट त राहतेच ना बाप्पा!" आई म्हणाली.

"आई, ह्या मुकुटाचे पैसे पडतात."

"मंग उतरव मुकुट."

तसंही जमत नाही. शेवटी फुकटातला एक गणपती सापडला. त्याची सोंड अशी काही वळलेली होती की शेजारच्या काकाजींनी, हा हत्ती कायले बसवला म्हणून विचारलं.

अक्षरांची तऱ्हा आणखी निराळी. देवनागरी म्हणून यादीत दिसणाऱ्या कित्येक फॉन्टांना हिंदी येतं, मराठी येत नाही. 'वऱ्हाडी मंडळी' लिहिलं की 'र' एकीकडे, 'ह' दुसरीकडे, मध्ये लंगडा पाय. वऱ्हाडात बसून वऱ्हाड लिहिता येऊ नये, ह्याचा माणसाला राग येतोच. 'मुक्ता' नावाच्या फॉन्टनं तेवढी लाज राखली.

पीडीएफ घेऊन तालुक्याला प्रेसवर गेलो. प्रेसवाल्या भाऊंनी ती कोरलड्रॉमध्ये उघडली, आणि सगळ्या वेलांट्या, रफार आपापली घरं सोडून भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. पुतणीचे सासरे तर वाचताच येईनात. भाऊंना नवल वाटलं नाही. त्यांचं सगळं टायपिंग श्रीलिपी ह्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत आणि पान जुळवायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरवर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, ती तिथं अजून नांदते आहे.

"तुमचं युनिकोड, आमचं श्रीलिपी," भाऊ म्हणाले. "गोत्र नाई जमत सर. आन हा राणी कलर पाहून घ्या. मोबाईलले आतून उजेड राहते, कागदाले कुठून येईन? चार शाया हायेत आपल्यापाशी, त्याइच्यात जेवढा निघते तेवढाच निघन."

मग त्यांनी चारही कडांना ३ मिलिमीटर ब्लीड का सोडला नाही, हेही विचारलं. कटिंगचं पातं केसभर सरकलं तरी कडेला पांढरी रेघ येऊ नये म्हणून रंग पानाच्या बाहेरपर्यंत न्यायचा असतो. शिवाय नवरीचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, म्हणजे आधीच चेपलेला. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके लागतात. तो फोटो छापला असता तर नवरी धुक्यातून आल्यासारखी दिसली असती. एवढं शिक्षण एमएस-सीआयटीत झालं नव्हतं.

शेवटी त्यांनी कोऱ्या पत्रिकांचा अल्बम पुढे टाकला. "पसंत करा, आन मॅटर कागदावर लिहून द्या." मॅटर दादाच्या वहीत तयारच होतं. निवडलेल्या पत्रिकेवर सोनेरी ठशाचा गणपती होता. मुकुटासकट. त्याचे वेगळे पैसे नव्हते.

इथं थांबलं असतं तर बरं होतं. पण मला डिझाइन येतं ही बातमी बायकोच्या बचत गटापर्यंत गेली. त्यांच्या कुरडया, सरगुंडे, मूगवड्या प्रदर्शनात ठेवायच्या होत्या आणि पुड्यांवर लेबल हवं होतं. घरी प्रिंटर आहे, साइट फुकट, नवरा रिकामा.

नमुना गोड होता. दोन इंचाचं गोल लेबल, मधोमध फूल, कडेनं वळणदार अक्षरात 'प्रेमानं बनवलेलं'. चित्र शोधायला कुरडई टाकलं, काही नाही. सरगुंडे टाकलं, साइटनं मलाच विचारलं, तुम्हाला दुसरं काही म्हणायचं आहे का. शेवया म्हटल्यावर वाटीभर नूडल्स आणि दोन काड्या आल्या. अखेर कुरडईच्या सगळ्यात जवळ गेलं ते पक्ष्याचं घरटं. मी तेच पिवळसर करून बसवलं.

"ह्याच्यात अंडे हायेत का?" गटातल्या एका काकूंनी विचारलं.

मग सचिवबाईंनी कायदा काढला. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं, बॅच नंबर, पत्ता, शाकाहारीचा हिरवा ठिपका आणि अन्न परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय नंबर. हे सगळं दोन इंचात. मी फूल काढलं, घरटं काढलं. तरी नंबर बसेना.

"ते प्रेम काढा न् सर," सचिवबाई म्हणाल्या, "तिथं लायसन नंबर टाका."

प्रेम काढलं. चौदा अंक वळणदार अक्षरात गोल फिरले. स्टिकरच्या ए-फोर कागदावर छापले, तर प्रिंटरनं 'पानात बसवा' हा पर्याय आपल्या मनानं धरून सगळं थोडं लहान केलं आणि जागा सरकून प्रत्येक लेबल आपल्या कापलेल्या गोलाच्या बाहेर डोकावू लागलं. तो पर्याय काढून खऱ्या मापात छापलं, तेव्हा जमलं. ओल्या हातानं पुड्या भरायला घेतल्या आणि इंकजेटची शाई कुरडईच्या वजनावर पसरली. शेवटी झेरॉक्सच्या दुकानात लेझरवर काळंपांढरं चौकोनी लेबल काढलं. कुरडया विकल्या गेल्या. लेबल कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, मंडळाच्या पोट्ट्यांनी मात्र मला विचारलंच नाही. त्यांनी स्वतःच फ्लेक्स केला. ६ बाय ४ फुटांचा, म्हणजे २४ चौरस फूट, आणि फ्लेक्सचे पैसे फुटावर. असं असताना पांढरी जागा सोडायची म्हणजे नोटा जाळायच्या. त्यांनी बोटभरही सोडली नाही. मध्ये सरपंच, भोवती गोलागोलांत कार्यकर्ते, आणि एका कोपऱ्यात बैल. बैलाचं चित्र शेअर बाजाराचं होतं, शिंगं रोखून धावत निघालेलं. त्याच्यावर त्यांनी झूल चढवली होती आणि गळ्यात घुंगुरमाळ.

फ्लेक्स चौकात लागला. उजवीकडच्या खालच्या गोलात नमुन्यातलंच राहिलं होतं, 'येथे फोटो टाका'. घाईगर्दीत एका पोट्ट्यानं फोटो ऐनवेळी दिला नव्हता म्हणे.

दुपारपर्यंत त्या गोलावर तीन माणसांनी हक्क सांगितला. सोसायटीचे माजी अध्यक्ष म्हणाले, ती जागा माझीच होती, मुद्दाम खाली ठेवली. दुसऱ्यानं वर्गणीची पावती दाखवली. आणि दिवे लागायच्या वेळेला शेजारचे काकाजी माझ्या दारात आले. एका हातात पासपोर्ट साइजचा फोटो, दुसऱ्यात फेविकॉलची ट्यूब.

"शिडी घे," म्हणाले. "कोनी पाहाच्या आंधी लावून टाकू."