चुंबक कॉइलच्या मध्यावर? नेमकं तिथेच शून्य मिळतं

घरगुती सिस्मोमीटरची, म्हणजे भूकंपाचे धक्के नोंदवणाऱ्या यंत्राची, एक कृती बरीच फिरते आहे. मिळेल तितका ताकदवान निओडिमियम चुंबक लोलकाच्या दांडीला लावून कॉइलच्या बरोबर मध्यावर आणा, बारीक तारेचे होतील तितके फेरे द्या, टोकं साउंड कार्डला जोडा. मग जगातला कुठलाही भूकंप घरबसल्या दिसेल. तार आणि चुंबक लागतात, एवढंच यातलं बरोबर.

"चुंबक बरोबर मध्यावर हवा." व्होल्टेज चुंबकाच्या नुसत्या ताकदीवर नव्हे, तर चुंबक सरकताना कॉइलमधून जाणारं क्षेत्र किती बदलतं त्यावर ठरतं. दांडचुंबक मध्यावर असताना तो किंचित डावीकडे गेला काय, उजवीकडे गेला काय, एका टोकाकडचा बदल दुसरं टोक खाऊन टाकतं. कॉइल आखूड ठेवा आणि चुंबकाचं एक टोक तिच्या मध्याजवळ आणा. त्याच चुंबकातून सिग्नल मिळेल.

आडव्या लोलकासाठी (दांडी फाटकासारखी आडवी झुलते तो) याहून चांगली मांडणी चार चुंबकांची. ५०×२५×१० मिमीचे चार ठोकळे आणि ८ मिमी जाडीच्या दोन एमएस (साध्या पोलादाच्या) पट्ट्या घ्या. प्रत्येक पट्टीवर दोन ठोकळे शेजारी-शेजारी, लांब बाजू उभी. एकाचा उत्तर ध्रुव बाहेर, शेजारच्याचा दक्षिण. समोरच्या पट्टीवर नेमके उलटे, म्हणजे फटीपलीकडे उत्तरासमोर दक्षिण येईल. मध्ये १० मिमी फट राहील असे पितळी किंवा ॲल्युमिनियमचे स्पेसर. पट्ट्या जवळ आणताना मध्ये लाकडाची पट्टी धरा, बोटं नकोत. ३ मिमीची पट्टी वापरली तर लोखंड संतृप्त होतं, म्हणजे त्यात आणखी क्षेत्र मावत नाही, आणि ते मागून गळतं. पट्टीच्या पाठीला छोटा नट घट्ट चिकटला, की ती कमी पडते आहे असं समजा.

कॉइल लांबट चौकोनी: ४० गेज (एसडब्ल्यूजी) तारेचे १००० फेरे, उभ्या बाजू ६० मिमी, त्यांच्या मध्यांत २५ मिमी अंतर, जाडी ५ मिमी. एक उभी बाजू एका जोडीच्या फटीत, दुसरी दुसऱ्या. आडवे वळसे चुंबकांच्या वर-खाली राहतात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एका पट्टीवरचे दोन्ही ध्रुव सारखे लागणं. मग दोन बाजूंचे व्होल्टेज एकमेकांना मारतात. म्हणून जोडण्याआधी प्रत्येक ठोकळ्यावर मार्करने खूण करा. फटीत ०.४ टेस्ला धरलं, तर सेकंदाला १ मिमी वेगाला ४० मिलिव्होल्ट यायला हवेत. कॉइल हाताने सरकवून मल्टीमीटरवर पाहा. एकाच दिशेने जाताना मधेच चिन्ह उलटलं, तर मांडणी चुकली आहे.

"जितके फेरे जास्त, तितकं संवेदनशील." अर्धसत्य. वरची कॉइल सुमारे २५० ओमची होते. तेवढ्याच जागेत ४४ गेज भरली तर फेरे सव्वादोनपट, पण रोध पाचपट. सिग्नल सव्वादोनपट वाढतो, आणि तारेचा औष्णिक गोंगाटही (उष्णतेमुळे आपोआप उठणारं व्होल्टेज) तितकाच. फायदा फक्त ॲम्प्लिफायरच गोंगाटी असेल तर. टीएल०७२ या ॲम्प्लिफायर चिपचा गोंगाट १८ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ, ओपी२७ चा ३, आणि २५० ओमच्या तारेचा स्वतःचा जेमतेम २. आधी चिप बदला. दूरच्या भूकंपांच्या २० सेकंदांच्या लाटांना तर चॉपर जातीचा, म्हणजे मंद सिग्नलवर कमी गोंगाट करणारा, ॲम्प्लिफायरच बरा. साउंड कार्डाच्या दारातच बहुधा कॅपॅसिटर असतो. तो इतक्या मंद लाटा आत येऊच देत नाही.

"ताकदवान चुंबक दांडीवर लावा." दांडीवर कॉइल लावा, चुंबक फ्रेमला. २० सेकंद दोलनकालाच्या लोलकावर १ किलो वजन असेल, तर त्याला १ मिमी सरकवायला फक्त १० मिलिग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. अशा दांडीवर चुंबक म्हणजे होकायंत्रच झालं: जवळचं कपाट, खिळा, सगळं त्याला ओढणार. कॉइलजवळचे स्क्रूही पितळी घ्या. स्टेनलेसचा स्क्रू चुंबकाला दाखवून पाहा, बरेचसे थोडे ओढले जातात.

"डॅम्पिंग लागत नाही, कॉइलच करते." डॅम्पिंग म्हणजे लोलकाचं झुलणं शमवणं. कॉइल ते करते, पण आकडा मांडून पाहा. ध्येय क्रांतिक डॅम्पिंगच्या (लोलक न झुलता थेट शून्यावर येतो, तेवढं किमान डॅम्पिंग) ०.७ पट. वरच्या कॉइलला, १ किलो आणि २० सेकंदांसाठी, ३.३ किलोओमचा रेझिस्टर समांतर लावला की ०.७ च्या आसपास येतं. तेच वजन १ सेकंदाच्या लोलकावर ठेवलं तर कॉइलसकट एकूण १८० ओम हवेत, आणि कॉइल एकटीच २५० ची! शॉर्ट केली तरी ०.५ वर अडकते, शिवाय सिग्नल शून्य. तिथे दांडीला ३ मिमी तांब्याची पट्टी लावून ती वेगळ्या चुंबकांच्या फटीतून जाऊ द्या. फट कमी-जास्त करून डॅम्पिंग जुळवा. दांडी बाजूला नेऊन सोडा: शून्य ओलांडून ती किंचितच पुढे जावी, झुलत राहू नये.

"जगातला कुठलाही भूकंप." दूरच्या मोठ्या भूकंपांच्या २० सेकंदांच्या लाटांना लांब दोलनकाल लागतो. कोयना-वारणा किंवा पालघरचे जवळचे लहान धक्के काही हर्ट्झचे असतात, त्यांना १ ते ४.५ हर्ट्झचा सेन्सर. एकाच लोलकात दोन्ही नीट बसवणं अवघड.

लांब दोलनकालाचा लोलक जुळला की त्यावर वारा न शिरणारी पेटी घाला आणि रात्रीची नोंद पाहा. समुद्राच्या लाटांची ४ ते ८ सेकंदांची अखंड कुरकुर दिसली पाहिजे. अरबी समुद्र खवळला की ती वाढते. भर पावसाळ्यातही सपाट रेघ आली, तर भूकंपाची वाट बघण्याआधी चार ठोकळ्यांवरच्या खुणा पुन्हा तपासा.