शकुंतलेचं इंजिन राहू द्या, आधी पट्टा वाचवा

'शकुंतला' या आपल्याकडच्या बंद पडलेल्या नॅरोगेज रेल्वेचा विषय निघाला की दोनच मागण्या कानावर येतात. एक, ब्रॉडगेज करा. दुसरी, इंजिन चौकात चबुतऱ्यावर बसवा. पहिलीला माझा विरोध नाही, दुसरीचं मला फारसं कौतुक नाही. या दोन्हींच्या गदारोळात मधल्या 189 किलोमीटर जमिनीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

मूर्तिजापूर–यवतमाळ 113 किमी आणि मूर्तिजापूर–अचलपूर 76 किमी. शिवाय तिकडे पुलगाव–आर्वीचे 35. तिन्ही अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरच्या नॅरोगेज लाइनी. या भागातली रुई मेन लाइनपर्यंत आणायला टाकलेल्या. मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि चालवायची सरकारी रेल्वे, हा घोळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं 'झेडडी' वर्गाचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 ला थांबलं आणि डिझेल आलं. फोटोत सगळ्यांना तेच काळं इंजिन हवं असतं.

आता ब्रॉडगेजवाल्यांसाठी हिशोब. नॅरोगेजच्या भरावाचा, म्हणजे रुळांखालच्या मातीच्या उंचवट्याचा, माथा साडेतीन-पावणेचार मीटर रुंद. ब्रॉडगेजच्या एकेरी लाइनीला आज 7.85 मीटर लागतो. नॅरोगेजला 44 मीटर त्रिज्येपर्यंतचं वळण चालतं, ब्रॉडगेजला 175 मीटरच्या खाली जाता येत नाही. म्हणजे गेज बदलायचं म्हटलं की भराव रुंद होणार, भरावाखालून पाणी जाऊ देणाऱ्या मोऱ्या नव्याने बांधाव्या लागणार, यवतमाळच्या चढाकडे जिथे वळणं आवळ असतील तिथे जागाही सरकणार. जुन्यातून कामाची उरते ती सलग सरकारदरबारी नोंदलेली पट्टी. तीच आज सगळ्यात जास्त कुरतडली जातेय. धुऱ्यावरून नांगराच्या दोन ओळी आत सरकले की भरावाचा उतार गेला, मग माथ्यावर तूर. मग कोणीतरी मुरूम उपसून घराच्या पायात टाकतो.

भरावाचं दुसरं काम लोकांच्या लक्षातच येत नाही. मूर्तिजापूर–दर्यापूर–अंजनगाव हा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला. माती खोल काळी, निचरा मुळात वाईट. त्या मातीतून भराव गेला म्हणजे पाण्याला आडवा बांधच पडला. म्हणून बांधणाऱ्यांनी प्रत्येक नाल्याला, सखल जागेला मोरी ठेवली. गाडी होती तोवर पावसाळ्याआधी रेल्वेच्या मजुरांची गँग यायची, मोरीतला गाळ काढायची, बाभळी तोडायची. गाडी बंद, गँग बंद. आता मोरीचं तोंड वेड्या बाभळीने आणि गाळाने बुजतं, वरच्या अंगाची कपाशी पाण्यात उभी राहते. वैतागून शेतकरी जेसीबीने भरावच फोडतो. त्या खिंडारातून पहिल्याच जोराच्या पावसात सगळ्या शिवाराचं पाणी एका जागेवरून सुटतं आणि खालच्याचं वावर खरडून नेतं. भांडण दोन शेजाऱ्यांचं, कारण मात्र न काढलेला गाळ. गाळ काढायचं काम वाहतूक सुरू होण्याची वाट बघत थांबवायचं कारणच नाही.

गाडी रखडत का चालायची तेही याच मातीत आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, खडी खाली गिळते. सांध्यापाशी रूळ बसतो, डबा तिथे आदळतो, आदळल्याने अजून बसतो. दोन रुळांच्या टोकांत उन्हाळ्यासाठी फट ठेवलेली असते, पण फिशप्लेटला, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीला, वर्षातून एकदा ग्रीस लागलं तरच रूळ त्या फटीत सरकतो. ग्रीस बंद झालं की बोल्ट गंजून सांधा जाम होतो आणि आपल्या 45 अंशात रूळ बाजूला वाकतो. चाबीवाला रोज हातोडा घेऊन रूळ धरून ठेवणाऱ्या सैल चाब्या ठोकत फिरायचा, तो काही उगाच नव्हे.

ज्यांना खरंच काही करायचंय त्यांनी आधी गावनकाशा काढावा. रेल्वेची पट्टी त्यात वेगळी दिसते. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट, म्हणजे भूभागाचा तपशीलवार नकाशा, ठेवावे, त्यावर नॅरोगेज लाइन आखलेली असते. उपग्रहाच्या चित्रात चौकोनी वावरांना तिरका छेद देणारी, हळूच वळणारी झुडपांची रेघ दिसली की तीच समजा. जागेवर गेलात तर भरावाच्या दोन्ही अंगांना लांबट खड्डे दिसतील, भरावाची माती तिथूनच उचललेली. रुळाच्या उभ्या पोटावर उठावाची अक्षरं असतात: कारखाना, वर्ष, वजन. वायर ब्रशने गंज काढून खडू फासला की वाचता येतात. पण त्या वर्षावरून लाइनीचं वय काढू नका. शाखा लाइनीवर दुसरीकडचे उतरवलेले रूळ सर्रास टाकायचे. गावात फाटकाचा खांब किंवा गोठ्याची तुळई म्हणून उभा असलेला तुकडाही वाचा. फक्त लाइनीवरचा बोल्टसुद्धा उचलू नका, ती रेल्वेच्या ताब्यातली मालमत्ता आहे आणि गुन्हा लागतो.

मोरीची नोंद करताना नुसता फोटो पुरत नाही. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) किती मीटर, उंची किती, दगडी कमान की गर्डर, पाणी कोणत्या अंगाने येतं, तळ किती बुजला, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. हे सगळं मे महिन्यात, गवत वाळलेलं असताना. जूननंतर तरोट्याच्या रानाने मोरी शोधूनही सापडत नाही, वर विंचू-सापाचं भ्या वेगळं. ग्रामपंचायतीने अशी यादी करून तहसील आणि रेल्वे दोघांनाही लेखी दिली, तर निदान पुढच्या पावसाळ्याआधी गाळ कोणी काढायचा हा प्रश्न कागदावर येतो. चबुतऱ्याचा निधी आलाच तर आधी या कामाला लावा.