गादीला ऊन, घरात धुरी: डस्ट माइटच्या त्या मेसेजमधलं खरं किती?

पावसाळा सरून कोल्हापुरात दुपारचं ऊन तापायला लागलं की एक मेसेज ग्रुपांवर फिरू लागतो. त्याचा मजकूर साधारण असा: सकाळी उठल्या उठल्या शिंका येत असतील तर रक्तातलं आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं एक प्रथिन) तपासा, वाढलेलं असलं की धुळीची अ‍ॅलर्जी नक्की. गादी आणि वाकळ चार तास उन्हात टाका, कापूर-कडुलिंबाची धुरी द्या, डस्ट माइट (धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) मरून अ‍ॅलर्जी जाते. नाकाचा स्टिरॉइड फवारा घेऊ नका, सवय लागते. हे वाचून लोक पोरांचा चालू फवारा बंद करतात, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

आयजीई वाढलं म्हणजे धुळीची अ‍ॅलर्जी. नाही. एकूण आयजीई पोटातल्या जंतांनी वाढतं, इसबानेही वाढतं. उलट अ‍ॅलर्जी असूनही ते नॉर्मल येऊ शकतं. तपासायचं असतं ते डस्ट माइटविरुद्धचं विशिष्ट आयजीई, किंवा मग स्किन प्रिक टेस्ट. तिच्यात हातावर माइटच्या अर्काचा थेंब ठेवून त्यातून त्वचेला हलकेच टोचतात आणि १५ मिनिटांनी गांध मोजतात. नुसत्या सलाइनच्या थेंबापेक्षा गांध किमान ३ मिलिमीटर मोठी हवी. टेस्ट फसते ती बहुतेकदा गोळीमुळे: सेटिरिझिनसारखी गोळी ५ ते ७ दिवस आधी थांबवली नसेल तर गांध उठतच नाही. म्हणून शेजारी हिस्टामिनचा, म्हणजे हमखास गांध उठवणाऱ्या रसायनाचा, थेंबही देतात. तोही उठला नाही तर ती टेस्ट धरायचीच नाही. नाकाचा स्टिरॉइड फवारा मात्र टेस्टसाठी थांबवावा लागत नाही.

टेस्ट पॉझिटिव्ह, पण त्रास काहीच नाही, असंही असतं. त्याला आजार म्हणत नाहीत. अंथरूण झटकताना, झाडताना, पहाटे उठताना शिंका, नाकाला खाज आणि पाणी, असा त्रास टेस्टशी जुळला तरच निदान पक्कं. एकच नाकपुडी कायम बंद असेल किंवा त्यातून रक्त येत असेल तर ते वेगळं दुखणं समजून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

ऊन दिलं की काम झालं. हे अर्धं खरं आहे. माइट पाणी पीत नाही, हवेतलाच ओलावा शोषून जगतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर, भिंतींना ओल आलेली असताना, त्याची चंगळ असते आणि कोरड्या हवेत तो सुकतो. पातळ सतरंजी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवली तर माइट मरतातही. पण चार इंची कापसाच्या गादीचा वरचा थर तापला तरी पोटातला ओलावा तसाच राहतो. आणि त्रास माइटच्या चावण्याने होत नाही, तो चावतच नाही. त्रास होतो त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी, आणि माइट मेला तरी ती कापडात राहतात. उन्हातली गादी काठीने बडवली की तीच धूळ समोरच्याच्या नाकात जाते. ते काम रुग्णाने तर करूच नये.

खरा उपाय धुण्यात आहे. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे. थंड पाण्याने विष्ठा बरीच निघते, पण माइट जिवंत राहतात. मशीन गरम पाण्याचं नसेल तर दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग नळाचं घ्या. ते साधारण ७० अंशांवर येतं आणि कापड बुडाल्यावर ६० च्या आसपास उतरतं. काठीने दाबून अर्धा तास ठेवा, मग नेहमीसारखं धुवा. पोरं जवळ नकोत. जुन्या लुगड्यांची वाकळ रंग सोडते, ती वेगळी भिजवा. पोरांची कापडी खेळणी गरम पाण्यात टिकत नाहीत. ती पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि नंतर धुवा, कारण गारठ्याने माइट मरतो, प्रथिनं निघत नाहीत.

गादी-उशीला सगळीकडून बंद होणारी, घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घाला. पण नुसत्या खोळीवर भिस्त नको. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत केवळ खोळीने नाकाचा त्रास किंवा मोठ्या माणसांचा दमा कमी झाला नाही. खोळ, गरम धुणं, ओल्या फडक्याने पुसणं आणि औषध हे सगळं एकत्र चालावं लागतं.

धुरी. देऊ नका. कुठलाही धूर सुजलेल्या श्वासनलिकेला चिडवतो, दमेकऱ्याला त्यानेच झटका येऊ शकतो, आणि गादीतली प्रथिनं होती तिथेच राहतात.

फवाऱ्याची सवय लागते. हा गोंधळ दोन औषधांचा आहे. सवय लागते ती झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनसारख्या नाक झटकन मोकळं करणाऱ्या थेंबांची. ३ ते ५ दिवसांपुढे ते घातले की नाक आणखीच चोंदतं. मोमेटासोन, फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड फवारे वेगळे. त्यांची अशी सवय लागत नाही. त्यांचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे रोज घ्यावे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडणं, ही सगळ्यात मोठी चूक.

फवारा मारताना मान किंचित पुढे वाकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा आणि नोझल मधल्या पडद्याकडे नाही, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने धरा. पडद्यावर मारला की नाकातून रक्त येतं, आणि लोक औषधाला दोष देतात. जोरात ओढू नका, नाहीतर औषध घशात उतरतं.

एवढं करूनही त्रास राहिला तर इम्युनोथेरपी, म्हणजे माइटच्या अर्काची इंजेक्शनं किंवा जिभेखालचं औषध. ती किमान ३ वर्षं चालते. प्रत्येक इंजेक्शननंतर दवाखान्यातच अर्धा तास थांबायचं, कारण गंभीर रिअ‍ॅक्शन बहुतेकदा त्याच वेळात येते. छातीत घरघर असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर आधी दमा तपासून आटोक्यात आणायचा. तोवर ही इंजेक्शनं सुरू करायची नाहीत.