दादाने डॉक्टरांना न सांगितलेली कॅप्सूल

"सध्या कुठली औषधं चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. दादाने बीपीची गोळी सांगितली, कोलेस्टेरॉलची सांगितली आणि थांबला. फिश ऑइलच्या कॅप्सूलचं नावच काढलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, ते औषध आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. वहिनी मध्ये बोलली म्हणून विषय निघाला.

आदल्या दोन दिवसांपासून त्याला धडधडत होतं. मी मनगट धरलं तर नाडीला तालच नाही. दोन ठोके लगोलग, मग खंड, मग पुन्हा तीन-चार घाईघाईने. ती नाडी अजून माझ्या बोटांना आठवते. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात.

हे कॅप्सूलमुळेच झालं का? डॉक्टर म्हणाले, एका माणसाबद्दल तसं ठामपणे सांगता येत नाही. वय ६२, बीपी जुनं, एवढंही पुरतं. मला ते पटतं. पण घरी आल्यावर मी ती बाटली फिरवून फिरवून वाचली. पुढे ठळक अक्षरात १००० मिलिग्रॅम. तो आकडा नुसत्या तेलाचा. ज्यासाठी आपण ते घेतो ते ईपीए आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-३ चरबीचे दोन प्रकार, मागे, बारीक अक्षरात. साध्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतात. दादाची जास्त ताकदीची होती, एकीत ९००. अशा रोज चार. म्हणजे ३६०० मिलिग्रॅम! ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, फार वाढलेल्या रुग्णाला डॉक्टर साधारण एवढा डोस लिहून देतात. दादाचे ट्रायग्लिसराइड्स नॉर्मल आहेत. "चांगली गोष्ट आहे, दोन जास्त घेतल्या तर काय बिघडतं," एवढाच त्याचा हिशोब.

बिघडू शकतं. २०२१ मध्ये सात चाचण्यांचा, ८१,२१० लोकांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त ओमेगा-३ घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशनचा धोका ४९ टक्क्यांनी वाढलेला होता, १ ग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत १२ टक्क्यांनी. टक्के ऐकून धसका घेऊ नका. ४ ग्रॅम डोसच्या रिड्यूस-इट चाचणीत या तक्रारींसाठी दाखल व्हावं लागलेले लोक २.१ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर गेले, म्हणजे शंभरात एक जास्त. त्याच चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे मिळून २५ टक्क्यांनी कमी झाले. पण ते रुग्ण कोण होते? आधीच हृदयरोग किंवा मधुमेह असलेले, स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणारे, तरीही ट्रायग्लिसराइड्स चढलेले. त्यांनी तो धोका पत्करण्यात अर्थ आहे. त्यातही औषध शुद्ध ईपीएचं होतं. ईपीए-डीएचए एकत्र ४ ग्रॅम देणारी स्ट्रेंथ नावाची चाचणी, १३ हजारांवर रुग्णांची, २०२० मध्ये फायदा दिसेना म्हणून थांबवली. हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण मात्र त्यातही वाढलंच.

ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांचं काय? व्हायटल चाचणीत २५,८७१ लोक होते, रोज १ ग्रॅमची एक कॅप्सूल. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू एकत्र धरले तर लक्षणीय फरक नाही. माझा राग इथे आहे. फायदा जेमतेम, आणि डोस मनानेच चौपट करायचा, कोणाला न विचारता.

युरोपच्या औषध नियामकांनी २०२३ मध्ये डॉक्टरांनी लिहून द्यायच्या ओमेगा-३ औषधांच्या माहितीपत्रकात हा लय बिघडण्याचा दुष्परिणाम घालायला सांगितलं, आणि ४ ग्रॅमला धोका सर्वांत जास्त असल्याचंही नोंदवलं. दुकानातून सहज उचललेल्या बाटलीवर असं काही मी तरी वाचलेलं नाही.

आणखी एक, कॉड लिव्हर ऑइल म्हणजे फिश ऑइल नव्हे. ते माशाच्या यकृताचं तेल, त्यात अ जीवनसत्त्व भरपूर. चमचे वाढवले तर ते शरीरात साठत जातं, आणि गरोदरपणात बाळाला इजा करू शकतं.

दादाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॅप्सूल बंद केल्यात. आता रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू आहे. अशी गोळी कोणाच्या घरात चालू असेल आणि सोबत फिश ऑइलही, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण जास्त डोसमध्ये तेही रक्त गोठण्यात ढवळाढवळ करतं. डॉक्टरांनीच लिहून दिलं असेल तर मात्र माझी पोस्ट वाचून बंद करू नका, त्यांनाच विचारा. पुढच्या तपासणीला वहिनी ती बाटलीच सोबत नेणार आहे.