सिनेमा संपल्यावर दालनाचे दिवे चालू ठेवा

गेले तीन शनिवार मी ठाण्यातल्या एका कलादालनात सिनेमे बघायला जातेय. पुढच्या दालनात चित्रप्रदर्शन, मागच्या खोलीत पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या. चित्रकारांवरचे सिनेमे, तेही मोफत.

मोफत म्हणून गर्दी, असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. चित्रं तर तिथे वर्षभर मोफतच असतात! तरी तलावपाळीला फिरायला आलेली माणसं काचेच्या दारापाशी थबकतात आणि मागे फिरतात. ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ ही भीती तिकिटापेक्षा महाग पडते. सिनेमा बघायला मात्र कुणी बिचकत नाही. आणि सिनेमाच्या खोलीत जायचं तर चित्रांवरूनच जावं लागतं.

पहिल्या शनिवारी सत्यजित राय यांचा ‘द इनर आय’ (१९७२) होता. जेमतेम वीस मिनिटांचा माहितीपट. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावरचा; ते राय यांचे शांतिनिकेतनातले शिक्षक. पुढे त्यांची दृष्टी गेली, काम थांबलं नाही. खोलीत खुर्ची सरकल्याचाही आवाज नव्हता.

पण खरी गंमत गेल्या शनिवारी. ‘द मिस्ट्री ऑफ पिकासो’, १९५६ चा. कॅमेरा कागदाच्या पलीकडे ठेवलाय, शाई झिरपून इकडे उमटते. हात दिसत नाही, नुसती रेघ पुढे सरकते. फुलांचा मासा होतो, माशाचा कोंबडा. सातवीतला भाचा सोबत होता. बाहेर आल्यावर तो एका निळ्या कॅनव्हासला जवळजवळ गाल टेकवून, तिरका उभा राहिला. ‘मावशी, या निळ्याखाली पिवळी रेघ आहे. इथे आधी दुसरंच काहीतरी होतं!’ मी वाकून बघितलं. होती. हेच चित्र मी जाताना चालता चालता बघून सोडलं होतं.

तेवढ्यात दिवे गेले. वेळ संपली म्हणे. माझी कळकळीची तक्रार एवढीच आहे. माणसांची नजर जागी झाली की तुम्ही दालनच बंद करता? अर्धा तास द्या हो.

आपल्याकडे तर सिनेमा चित्रकारांच्याच हातून आला. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेऱ्याकडे वळलेले. ही दोन घरं आपण उगाच वेगळी मांडली. पालिकेच्या प्रत्येक कलादालनात असा शनिवार हवा, ठाण्यात हवा, नवी मुंबईतही हवा. एक प्रोजेक्टर आणि पांढरी भिंत, याहून जास्त काय लागतं?

आयोजकांना मी पत्र दिलंय. उत्तर अजून नाही. येत्या शनिवारी शेवटचा सिनेमा आहे, साडेसहाला. भाचा म्हणतो, पाचलाच जाऊ, आधी सगळी चित्रं तिरकं उभं राहून बघायचीत. ज्यांना जमेल त्यांनी पाचलाच या.