सांगणारा नामानिराळा राहू नये

गुन्हा करणाऱ्याइतकाच तो करायला लावणाराही दोषी असतो, हे बोलताना आपण सगळेच मान्य करतो. मात्र गुन्हा नोंदवायची वेळ आली की सारा भार हाती लागलेल्या माणसावर पडतो.

गिरणेच्या पात्रातून रात्री उपसली जाणारी वाळू हे आपल्या जळगाव जिल्ह्यातले नेहमीचे उदाहरण. ट्रॅक्टर पकडला जातो तेव्हा त्यावर असतो फेरीमागे ठरलेल्या पैशांवर राबणारा विशी-पंचविशीतला मुलगा. चावी तलाठ्याच्या हातात गेलेली असते, ट्रॉलीतून पाणी टपकत असते आणि हा मुलगा ज्या नंबरवर पुन्हा पुन्हा फोन लावतो, तो बंद असतो. ‘तू फक्त गाडी काढ, पुढचं मी बघून घेतो’ असे सांगणाऱ्याचे नाव कागदावर येतच नाही. वास्तविक, नदीपात्रातून परवान्याशिवाय वाळू नेल्यास चोरीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ नुसार चिथावणी देणे, कटात सामील होणे आणि जाणूनबुजून मदत करणे या तिन्ही गोष्टी अपप्रेरणेत, म्हणजे दुसऱ्याला गुन्ह्यास प्रवृत्त करण्यात, मोडतात. आणि त्यामुळे गुन्हा घडला, तर वेगळी तरतूद नसल्यास कलम ४९ अपप्रेरकाला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा सांगते. म्हणजे त्या मुलाला जेवढी कैद होऊ शकते, तेवढीच त्याला पाठवणाऱ्यालाही. गुन्हा घडला नाही तरी कैदेस पात्र गुन्ह्याची चिथावणी देणाऱ्याला कमाल कैदेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत शिक्षा आहे, आणि तो गुन्हा रोखणे हेच ज्याचे काम, असा लोकसेवक त्यात असेल तर निम्म्यापर्यंत. ही शेवटची तरतूद आपल्याकडच्या प्रत्येक महसूल कार्यालयात मोठ्या अक्षरांत लावावी, असे मला मनापासून वाटते.

जमावाच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवावर बेततो. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याआधी मोबाइलवरून तशा अफवा फिरत होत्या. दहापेक्षा अधिक लोकांना किंवा जनतेला गुन्ह्यास प्रवृत्त करणाऱ्याला जुन्या दंडसंहितेत तीन वर्षांपर्यंत कैद होती; तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ५७ ने ती सात वर्षांपर्यंत नेली. मला हा बदल योग्य वाटतो, कारण हात उचलणाऱ्याचा राग तासाभरात ओसरू शकतो, पण ‘सोडू नका त्यांना’ असे घरबसल्या लिहिणाऱ्याने ते पुरते कळून लिहिलेले असते.

तरीही ही सीमा जपूनच आखली पाहिजे. रागाच्या भरात, परिणामाची इच्छा नसताना निघालेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटले आहे, आणि एखादा कायदा अन्यायकारक आहे असे उघडपणे म्हणणे हा तर आपला हक्कच आहे. भीतीपोटी कोणी बोलायचेच थांबले, तर ते मला नको आहे.

कायदा मोडा असे जाहीरपणे सांगणारी माणसेही खानदेशाने पाहिली आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा आणि साने गुरुजी होते, ते कायदेभंगाच्या चळवळीत स्वतः उतरून शिक्षा पत्करल्यामुळे. आज महामार्ग अडवायला पोरांना पुढे काढणारे नेते निवेदन देऊन, फोटो काढून निघून जातात. मग तारखांना ती पोरे खेटे घालतात आणि पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तोच गुन्हा आडवा येतो. आंदोलनाची हाक जो देतो, त्याने फिर्यादीत स्वतःचे नाव पहिले लिहून घ्यावे, आणि त्या पोरांच्या वकिलाची फीही त्यानेच भरावी.