काउंटीकडून कधीच न खेळलेला माणूस

आयर्लंडमधल्या टिपेररी काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, आमच्या गावी शेजारच्या आजोबांना निरोप देऊन आज घरी आले, आणि अंत्ययात्रेच्या फोटोखाली एका ओळखीच्या कोल्हापूरकराने विचारलेला प्रश्न वाचला : ‘काउंटीकडून कधी खेळलेच नाहीत ना, मग एवढी गर्दी कशाला?’ उत्तर तिथेच चार शब्दांत देता आले असते, पण राग चार शब्दांत मावणारा नाही.

हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ. आजोबा आमच्या हर्लिंग क्लबच्या ज्युनियर, म्हणजे खालच्या श्रेणीच्या, संघात कॉर्नर-बॅक होते, म्हणजे समोरच्याने गोल केला तरच ज्याची आठवण निघते त्या जागेवर. खेळणे सुटले, मैदान मात्र सुटले नाही. रेषा आखणे, जाळी बांधणे, क्लबच्या लॉटरीची तिकिटे विकणे आणि पावसात गेटवर उभे राहणे हेच त्यांचे पुढचे आयुष्य झाले.

आम्ही इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या मुलाला अंगणात सरळ उभे केले, खुब्यापासून जमिनीपर्यंत माप घेतले आणि आठवड्याभराने एका मोडक्या हर्लीतून, म्हणजे हर्लिंगच्या काठीतून, तासून काढलेली, पात्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली छोटी काठी आणून दिली. ‘किती द्यायचे?’ असे मी विचारले, तर ‘मंगळवारी सहाला सराव असतो,’ एवढेच उत्तर मिळाले.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ हरला की ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, अशी माणसे आपण लहानपणापासून पाहिली आहेत. ती कुठे भारताकडून खेळली होती?

1 नोव्हेंबर 1884 रोजी याच काउंटीतल्या थर्ल्सच्या एका हॉटेलात गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची, म्हणजे हर्लिंगसारखे आयरिश खेळ चालवणाऱ्या संघटनेची, स्थापना झाली. आजही डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणाऱ्याला पगार मिळत नाही आणि सुट्टी संपली की तो आपल्या नोकरीवर हजर होतो. टिपेररीने 1971 मध्ये हर्लिंगचे ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाचे विजेतेपद, जिंकले, त्यानंतर थेट 1989 मध्ये. मधल्या अठरा वर्षांचे दुःख इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण त्याच अठरा वर्षांत गावातल्या पोरांच्या हातात मापाची काठी कोण देत होते, हे कुणी विचारत नाही. चिडायचे नाही तर काय करायचे?

संघटनेचा इतिहास सोवळ्यातला नाही, हे मान्य. क्रिकेट, रग्बी, सॉकर असले ‘परके’ खेळ सभासदाने खेळायचे तर नाहीतच, पाहायचेही नाहीत, असा नियम 1971 पर्यंत होता. सॉकरचा सामना पाहिला म्हणून 1938 मध्ये डग्लस हाइड यांचे, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांचे, आश्रयदातेपद काढून घेतले होते. आणि हो, बाहेरून आलेला माणूस इथे वीस वर्षांनीही बाहेरचाच राहतो.

पण मुलगा अंगणात गोलंदाजी करत असताना हेच आजोबा कुंपणाशी उभे राहून म्हणाले होते, ‘पूर्वी हे नुसते पाहिले असते तरी माझे नाव कापले असते,’ आणि पुढच्या चेंडूला हर्ली घेऊन स्वतःच उभे राहिले होते. चेंडू आमच्या कौलांवर गेला. हे लिहितानाही हसू येते आहे, आणि त्या प्रश्नकर्त्यावरचा राग थोडा उतरला आहे. थोडाच.

आज शवपेटीवर क्लबची जर्सी अंथरली होती आणि दोन्ही बाजूंनी क्लबची मुले हर्ली घेऊन मानवंदनेला उभी होती. माझा मुलगाही त्यांच्यात होता. आता तो माझ्यापेक्षा उंच झाला आहे आणि त्याची हर्ली दुकानातली आहे. ती पहिली काठी जिन्याखाली आहे; घरी आल्यावर त्याने काढून पाहिली, तर पट्टीचा एक खिळा सुटलेला निघाला. आता तो ठोकून कुणाकडून घ्यायचा?

मंगळवारी सहाला सराव आहे. गेटची किल्ली कुणाकडे द्यायची, हे अजून ठरलेले नाही.